सफाईचा संप आणि माशीचे वेळापत्रक

नगरपालिकेच्या सफाई कामगारांचा संप सुरू झाला, की पहिले दोन-तीन दिवस आपण नाकाला रुमाल लावून काढतो. दुर्गंधीचा त्रास होतोच. पण खरा धोका कचऱ्यात वाढणाऱ्या किड्यांचा असतो.

घरमाशी ओल्या कचऱ्यावर एका वेळी १०० हून अधिक अंडी घालते. उबदार हवेत दिवसभरात अळ्या बाहेर पडतात आणि ७ ते १० दिवसांत नवी माशी उडू लागते. आठवड्यातून दोनदा जरी कचरा उचलला गेला, तरी हे चक्र तुटते. संप आठवड्यापलीकडे लांबला, की हगवण, विषमज्वर, कॉलरा यांचे जंतू पायाला लावून माश्या आपल्या ताटापर्यंत येतात. करवंट्या, टायर, प्लास्टिकचे पेले यांत पावसाचे पाणी साचले, तर डेंग्यूचा डासही साधारण तेवढ्याच दिवसांत तयार होतो.

अशा वेळी घरोघरी काय करता येईल?

ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा. सुका कचरा पोत्यात बांधून ठेवला तर कुजत नाही. ओल्यासाठी परसात खड्डा करावा. जागा नसेल तर जुन्या बादलीच्या बुडाला भोके पाडावीत. रोजच्या कचऱ्यावर चार बोटे माती पसरली, की माशीला अंडी घालण्यास जागा उरत नाही. कचरा जाळू मात्र नये. प्लास्टिकचा धूर दमेकऱ्यांना फार बाधतो. अन्न झाकावे, पाणी उकळून प्यावे. जुलाब झाल्यास उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. लघवी कमी झाली किंवा मूल मलूल दिसले, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

कामगारांच्या मागण्यांचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. पण हातमोजे, गमबूट आणि धनुर्वाताची लस हा आरोग्याचाच प्रश्न आहे, एवढे डॉक्टर म्हणून मी नक्की सांगेन. संप मिटल्यावर साचलेल्या ढिगात हात घालणार तो हाच कामगार. म्हणून फुटक्या काचा, दाढीची पाती, इंजेक्शनच्या सुया आजपासूनच झाकणाच्या डब्यात वेगळ्या ठेवा आणि त्याच्या हाती देताना आत काय आहे ते सांगा.