बेटाला समुद्र वीज देईल का?

ओंकारेश्वरच्या धरणात ५२० मेगावॉट क्षमतेची यंत्रे फिरवून नर्मदा पुढे येते. मंडलेश्वरजवळ जलूद येथे तिचे थोडे पाणी इंदूरसाठी उचलले जाते. १९७८ पासून शहराची तहान प्रामुख्याने याच पाण्यावर भागते. उरलेली नदी भरूचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते आणि तिथे दिवसातून दोनदा एक नवल घडते. समुद्राचे पाणी उलट नदीत चढू लागते.

खंबातचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते आहे. त्यामुळे आत शिरणारे भरतीचे पाणी दाटीने वर चढते. भरती-ओहोटीच्या पातळ्यांत येथे कमाल ११ मीटर, तर सरासरी पावणेसात मीटर अंतर पडते. एवढे पाणी रोज चढते आणि उतरते, मग त्यापासून वीज का होत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. ज्या बेटांवर विजेच्या तारा पोहोचत नाहीत, तिथे तर तो अधिकच निकडीचा ठरतो.

तीन वाटा

समुद्रातून वीज मिळवण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली धरणासारखी. खाडीच्या तोंडाशी बांध घालायचा, भरतीचे पाणी आत अडवायचे आणि ओहोटीच्या वेळी ते टर्बाइनवरून सोडायचे. फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखाशी असा २४० मेगावॉटचा प्रकल्प १९६६ पासून चालू आहे. येथे पातळीतील अंतर निर्णायक असते. तेवढ्याच विस्ताराच्या खाडीत अंतर दुप्पट झाले, तर मिळणारी ऊर्जा चौपट होते. म्हणूनच जिथे हे अंतर साधारण दोन मीटर असते, त्या मांडवी-जुवारीच्या मुखांना खंबातची सर येत नाही.

दुसरी वाट पाण्याखालच्या पवनचक्कीची. अरुंद सामुद्रधुनीतील वेगवान प्रवाहात टर्बाइन ठेवायचे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्याने लहान पातेही पुरेसे होते.

तिसरी वाट लाटांची. केरळमधील विळिंजम येथे १९९१ मध्ये १५० किलोवॉटचे प्रायोगिक केंद्र उभे राहिले. काँक्रीटच्या पोकळ कक्षात लाट शिरली की आतली हवा दाबली जाई आणि त्या हवेच्या झोताने टर्बाइन फिरे. प्रयोग पुष्कळ काही शिकवून गेला, पण पुढे बंद पडला.

अडते कुठे?

देशातील भरती-ओहोटीची संभाव्य क्षमता सुमारे साडेबारा हजार मेगावॉट असल्याचा अंदाज आहे. तरीही व्यापारी तत्त्वावर चालणारा एकही प्रकल्प आज आपल्याकडे नाही. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर पावणेचार मेगावॉटचा प्रकल्प ठरला होता, परंतु खर्चाचा मेळ न बसल्याने तो सोडून द्यावा लागला. खारे पाणी लोखंड खाते, यंत्रांवर शिंपले-शेवाळ चढते आणि पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात दुरुस्तीची बोट नेता येत नाही. लाट सर्वांत जोरकस असते, नेमक्या त्याच दिवसांत यंत्र मोडण्याचा धोका सर्वाधिक असतो.

घारापुरीचा धडा

मुंबईच्या समोर दिसणाऱ्या घारापुरी बेटाची कथा म्हणूनच बोलकी आहे. लेणी पाहायला जगभरातून माणसे येत. बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन गावांना मात्र स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे संध्याकाळी काही तासच डिझेल जनित्राचा उजेड मिळे. चहूबाजूंनी भरतीचे पाणी होते, पण वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रतळातून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलने. गावकऱ्यांना प्रयोग नको होता, दिवा लागायला हवा होता. अंतर इतके कमी असताना केबलचा पर्याय निवडणे शहाणपणाचेच होते.

हाच उपाय लक्षद्वीपला लागू पडत नाही. कोचीपासून ही बेटे २२० ते ४४० किलोमीटर दूर आहेत. तिथली वीज मुख्यतः डिझेलवर अवलंबून आहे आणि ते डिझेलही जहाजाने न्यावे लागते. भरतीची उंची तिथे मामुली आहे. मात्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो. वरचे उबदार आणि खालचे गार पाणी यांच्या तापमानातील फरक वापरून राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती येथे रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारे केंद्र उभारले. याच फरकातून वीजही मिळवता येते.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलँड बेटसमूहातले उदाहरणही पाहण्यासारखे आहे. येल बेटाच्या स्थानिक विकास परिषदेने २०१४ मध्ये प्रवाहावर चालणारे अवघे ३० किलोवॉटचे टर्बाइन बसवले. त्याची वीज मासेमारांच्या बर्फाच्या कारखान्याला मिळाली. गरज नेमकी होती, यंत्र तिच्या मापाचे होते आणि मालकी गावाची होती.

समुद्रात ऊर्जा किती आहे, हे मोजून झाले आहे. प्रत्येक बेटाने विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: यंत्र बंद पडले, तर ते दुरुस्त करणारा माणूस बेटावर असेल की पुढच्या बोटीची वाट पाहावी लागेल? या प्रश्नाचे उत्तर आधी तयार असेल, तरच समुद्राची वीज बेटावर टिकेल.