हिवतापाच्या औषधाची पहिली परीक्षा

मराठवाड्यातले किल्लारी गाव ज्या निजाम संस्थानात होते, त्याच संस्थानातल्या सिकंदराबाद छावणीत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. तो शरीराबाहेर सतत वाढवता यायला मात्र १९७६ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ट्रेगर आणि जेन्सन यांनी फाल्सिपेरम जातीचा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशींत वाढवला. त्याला प्राणवायू कमी लागतो, म्हणून त्यांनी झाकणबंद काचपात्रात मेणबत्ती पेटवली. ती विझली की आतली हवा त्याला मानवे. आज पुण्याच्या आयसरमध्ये, मुंबईच्या आयआयटीत या परजीवीवर संशोधन चालते. नव्या औषधाची पहिली परीक्षा बहुधा शरीराबाहेर वाढवलेल्या अशा परजीवीवरच होते, आणि तिचे खरे मोल निरुपयोगी रेणू वेळीच बाद करण्यात आहे, असे मला वाटते.

परीक्षेची रीत साधी, पण शिस्त कडक. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये परजीवी असलेले रक्त घेऊन रेणू उतरत्या मात्रेत मिसळतात. परजीवीचे एक चक्र ४८ तासांचे, म्हणून प्लेट बहुधा ७२ तास ३७ अंशांवर ठेवतात. मग डीएनएला चिकटून चमकणारे रंगद्रव्य घालतात. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत डीएनए नसतो, त्यामुळे जी चमक दिसते ती परजीवीचीच. वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा त्यावरून कळते. पण हा आकडा एकटा फसवा आहे. तोच रेणू माणसाच्या पेशीही तितक्याच मात्रेत मारत असेल, तर ते औषध नव्हे, विष आहे.

झाडपाल्याची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती असताना ही खटपट कशाला, असा एक आक्षेप असतो. उत्तर चीनच्या तू यूयू यांच्या कामात आहे. त्यांच्या गटाने दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचे अर्क उंदरांच्या हिवतापावर तपासले, तेव्हा परिणाम कधी दिसे, कधी नाही. कमी तापमानाला इथरने काढलेला अर्क १९७१ मध्ये पूर्ण गुणकारी ठरला. माहिती जुन्या ग्रंथातच होती. कोणता अर्क खरा, हे तपासणीने सांगितले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परीक्षाच चुकली तर? प्रोग्वानिल हे हिवतापाचे औषध शरीरात गेल्यावर यकृतात बदलून खरे काम करते. प्लेटमध्ये ते दुबळेच दिसते. उलट, तू यूयू यांच्या त्याच अर्कातून मिळालेल्या आर्टेमिसिनिनला कंबोडियात परजीवी दाद देईनासे झाले, तरी नेहमीच्या चाचणीत ते नीट उमटेना. अखेर २०१३ मध्ये नवी चाचणी आली: पेशीत शिरून तीन तासही न झालेल्या परजीवीला फक्त सहा तास औषध द्यायचे आणि नंतर किती जगले ते मोजायचे. चाचणी चुकते म्हणून ती सोडायची नसते, सुधारायची असते.

किल्लारीला याचे काय? राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोली आणि मुंबईवर आहे, आणि मराठवाड्यातला तरुण कामासाठी मुंबई गाठतोच. शिवाय नांदेड-लातूरच्या रसायनशास्त्र विभागांत क्विनोलीन गाभ्याचा नवा रेणू बनवणे अवघड नाही. क्लोरोक्विनचा गाभाही तोच. म्हणून इथल्या संशोधक विद्यार्थ्यांना विनंती आहे, प्रबंधात ‘हिवतापविरोधी’ असे लिहिण्याआधी माणसाच्या पेशींवरचा आकडा शेजारी द्या. आणि मार्गदर्शकांनी तो मागितल्याशिवाय सही करू नये.