रंगाखालचा फोनोग्राफ

मूळ तैलचित्रावर बाजूने उजेड पडला, तर ग्रामोफोनच्या रंगाखाली दुसऱ्याच एका यंत्राच्या रेषा दिसतात. चित्र आपल्या ओळखीचं आहे. कर्ण्यापुढे बसलेला, मान किंचित कलती करून ऐकणारा पांढरा कुत्रा. एचएमव्हीचा कुत्रा. खालच्या रेषा आहेत फोनोग्राफच्या. चित्रकाराने आधी तोच काढला होता. मग गिऱ्हाईकाने बदल सांगितला आणि त्याने त्याच कॅनव्हासवर, त्याच जागी, नवं यंत्र रंगवलं.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी चित्रं आणि बोधचिन्हं करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. आमच्याकडे या प्रकाराला ‘करेक्शन’ म्हणतात. रफ पाठवला की करेक्शन येतं, ते केलं की दुसरं येतं. तंबोरा जरा डावीकडे घ्या. नाव मोठं करा. भगवा कमी करा. आणि सातव्या खेपेला : पहिलं होतं तेच बरं होतं. करेक्शन आलं की अजूनही पोटात गोळा येतो. अशा वेळी मला फ्रान्सिस बॅरॉड आठवतो.

बॅरॉड हा इंग्लिश चित्रकार. कुत्रा मूळचा त्याच्या भावाचा, मार्कचा. मार्क ब्रिस्टलला नाटकांचे पडदे रंगवायचा. १८८४ साली जन्मलेल्या या कुत्र्याला येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिंढऱ्यांना दात लावायची खोड होती, म्हणून नाव पडलं निपर. १८८७ मध्ये मार्क वारला आणि निपर फ्रान्सिसकडे आला. फ्रान्सिसच्या घरच्या फोनोग्राफमधून आवाज येऊ लागला की तो कर्ण्यापाशी येऊन गोंधळून बघत बसे. १८९५ मध्ये निपरही गेला. ते बसणं फ्रान्सिसच्या डोळ्यांपुढून गेलं नसावं, कारण तीन वर्षांनी त्याने हे चित्र काढलं. फेब्रुवारी १८९९ मध्ये हक्कांसाठी नोंदणी करताना त्याने दिलेलं वर्णन अगदी साधं होतं : फोनोग्राफकडे पाहत ऐकणारा कुत्रा.

चित्र कोणालाच नको होतं. रॉयल अकादमीने ते प्रदर्शनात घेतलं नाही. फोनोग्राफ विकणाऱ्या एडिसन बेल कंपनीनेही नाकारलं. मग कोणीतरी सुचवलं की काळा कर्णा फार उदास दिसतो, पितळी केला तर चित्र उजळेल. बॅरॉड चित्राचा फोटो घेऊन लंडनच्या मेडन लेनमधल्या ग्रामोफोन कंपनीच्या कचेरीत गेला आणि समोर ठेवून रंगवण्यापुरता एक पितळी कर्णा मिळेल का, असं त्याने विचारलं. विकायला गेला नव्हता तो, चित्र सुधारायला गेला होता. या गोष्टीतला हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पहिलं करेक्शन त्याने आपणहून मान्य केलं होतं.

कंपनीचे व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन यांनी फोटो पाहिला आणि सांगितलं की फोनोग्राफ काढून तिथे आमचा ग्रामोफोन रंगवलात तर चित्र आम्ही घेऊ. समोर ठेवायला यंत्रही दिलं. १८९९ च्या सप्टेंबरात बोलणी झाली, त्याच शरद ऋतूत काम पुरं झालं. चित्राचे ५० पौंड, हक्कांचे आणखी ५०.

आता या करेक्शनने काय केलं ते पाहा. फोनोग्राफ मेणाच्या सिलिंडरवर चालायचा आणि त्यावर घरच्या घरी आवाज भरताही यायचा. ग्रामोफोन तबकडीचा. तो फक्त वाजवायचा, त्यात आवाज भरण्याची सोय नव्हती. म्हणजे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ (एचएमव्ही) या चित्राच्या नावात जी गोष्ट आहे, की घरच्या धन्याचा आवाज यंत्रात उतरला आणि कुत्र्याने तो ओळखला, ती खालच्या, रंगाने झाकलेल्या यंत्रावर घडू शकली असती. वरच्या यंत्रावर नाही. गिऱ्हाईकाच्या एका सूचनेने चित्राच्या कथेचा तांत्रिक आधारच काढून घेतला. (कुत्रा मेलेल्या मार्कचा आवाज ऐकतोय ही आख्यायिका मात्र टिकत नाही. मेणाच्या सिलिंडरचा एडिसनचा सुधारलेला फोनोग्राफ आला १८८८ मध्ये, मार्क गेल्यावर.)

तरीही चित्राला काही झालं नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते पाहिलं, कोणाला काही खटकलं नाही. याचं कारण माझ्या मते हेच की बॅरॉडने यंत्र सोडून दिलं, पण निपरची मान हलू दिली नाही. ती कलती मान, पुढे आलेलं नाक, कर्ण्याच्या तोंडाशी भिडलेली नजर, सगळं पहिल्या चित्रातलंच राहिलं. ओवेन यांना यंत्र हवं होतं, कुत्र्याबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. करेक्शन आलं की मी आता कागदावर आधी एवढंच लिहितो : या चित्रात कुत्रा कोणता? बाकी सगळं बदलायला माझी हरकत नसते.

हे मला एका ज्येष्ठ गायिकेच्या मुखपृष्ठावर काम करताना समजलं. मारव्याचं ध्वनिमुद्रण होतं. मी नदी, घाट, क्षितिजावर तांबूस उजेड असं काढलं. नऊ वेळा परत आलं. दर वेळी निरोप एकच, काहीतरी चुकतंय. मी रंग बदलले, घाट बदलला, अक्षरं बदलली. शेवटी त्यांच्या घरी गेलो.

“बाई, आकाश आणखी गडद करू का?”

“आकाशाला हात लावू नकोस रे. ही सकाळ आहे. मारवा उजाडताना नाही गात.”

संधिप्रकाशाची अडचणच ही आहे. उगवतीचा आणि मावळतीचा उजेड कागदावर सारखाच दिसतो. मी घरी येऊन घाटावरच्या एका खिडकीत नुकताच लावलेला दिवा काढला, बाकी काही बदललं नाही. त्यांनी ते पाहून मान डोलावली. नऊ वेळा परत पाठवणाऱ्या बाईंना चित्रकलेतलं कळत नाही असं मी तोवर घरात म्हणत होतो. त्यांना वेळ कळत होती. मी ती काढलीच नव्हती.

गिऱ्हाईक काय बोलतं आणि त्याला काय दिसत असतं, यात अंतर असतं. ते कधी कधी एखादं चित्र पुढे करूनच भरून निघतं. १९७० मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक मंडळींना युरोप दौऱ्यासाठी पोस्टर हवं होतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी जॉन पॅश याच्याकडे काम आलं. त्याचा पहिला नमुना मिक जॅगरने परत पाठवला, दुसरा घेतला. त्यानंतर वाद्यवृंदासाठी चिन्ह करायचं ठरलं, तेव्हा जॅगरने त्याला घराजवळच्या दुकानात पाहिलेलं कालीमातेचं चित्र दाखवलं. देवीच्या चित्रात आपली नजर आधी डोळ्यांकडे जाईल, मुंडमाळेकडे जाईल. पॅशची नजर उघड्या तोंडावर आणि बाहेर आलेल्या जिभेवर थांबली. त्याने देवी बाजूला ठेवली, तिच्यासारखं काहीही काढलं नाही, आणि जाड लाल ओठ, दात व जीभ एवढंच ठेवलं. मोबदला ५० पौंड, पुढे आणखी २००. १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’ या अल्बमच्या अमेरिकी आवृत्तीसाठी क्रेग ब्रॉन यांच्याकडे ते चिन्ह पुन्हा रेखाटलं गेलं, रेषा आणि चमक थोडी बदलली, आणि बरीच वर्षं लोकांना मूळ हात कोणाचा हेच ठाऊक नव्हतं. २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने पॅशचं मूळ चित्र विकत घेतलं. किंमत सुमारे ९२,५०० डॉलर. चिन्ह करणाऱ्याचं नाव चिन्हाखाली कधीच नसतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

बॅरॉडच्या नशिबी वेगळं होतं. एकदा विकलेलं चित्र तो उरलेलं आयुष्य पुन्हा पुन्हा काढत राहिला. १९१३ पासून कंपनीने त्याच्याकडून प्रती करून घेतल्या, एकंदर २४. पुढे त्याला निवृत्तिवेतनही दिलं. १९२४ मध्ये तो गेला. तोवर हक्क देशोदेशी वाटले गेले होते. अमेरिकेत कुत्रा व्हिक्टर कंपनीचा, इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीचा.

आपल्याकडे सुरुवात मात्र कुत्र्याने झाली नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा कंपनीचं चिन्ह होतं पिसाने तबकडीवर लिहिणारा देवदूत. इंग्लंडमध्ये तबकडीच्या लेबलवर कुत्रा आला १९०९ मध्ये, नंतर तो इकडेही आला आणि कंपनीचं नाव लोकांनी एचएमव्ही करून टाकलं. २००० साली तिचं नाव सारेगामा झालं.

तैलचित्र तबकडीच्या लेबलवर उतरवणं हेही एक करेक्शनच. टेबलाच्या चकचकीत लाकडात पडलेलं प्रतिबिंब गेलं, पितळेवरचा उजेड गेला. आणि चित्रकाराने ज्याचा विचारच केला नव्हता अशी एक अट आली : चित्र गरगर फिरणार.

आजोळी नाट्यपदांच्या तबकड्या होत्या. मिनिटाला ७८ फेऱ्यांत कुत्रा, कर्णा, सोनेरी अक्षरं, सगळ्याचं मिळून लाल लेबलवर एक धुरकट कडं व्हायचं. आम्ही पोरं गाणं ऐकत नसू, कड्याकडे बघत असू. पद संपलं की आजोबा सुई उचलत, तबकडी मंदावत जाई आणि कड्यातून आधी पांढरा ठिपका, मग कान, मग अख्खा निपर बाहेर येई, बहुधा उलटा. मग कोणीतरी बोटाने तबकडी हळूच फिरवून त्याला सरळ बसवायचं.