हवामान बदल आणि आपलं गाव (लेखांक ६) : वरच्या मजल्यावरचा वॉर्ड

मागच्या आठवड्यात आपण पुराच्या पूर्वसूचनेबद्दल वाचलं. पुराचं पाणी निदान डोळ्यांना दिसतं, उंबऱ्याला लागलं की माणसं उठून चालू लागतात. उन्हाची लाट मात्र घरात बसल्या माणसाचा जीव घेते आणि दाखल्यावर मृत्यूचं कारण हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असं लिहिलं जातं. म्हणून या संकटाची मोजदाद उशिरा होते आणि तयारी त्याहून उशिरा.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. पुढे संशोधकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं आढळलं. त्यातून २०१३ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेने उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातल्या एखाद्या शहराचा हा असा पहिला आराखडा. गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था त्यात सोबत होती.

या आराखड्याचा कणा म्हणजे आगाऊ अंदाज आणि ठरवून दिलेली कामं. पारा ४१ अंशांच्या वर जाणार असेल तर यलो अलर्ट, ४३ च्या वर ऑरेंज, ४५ ला रेड. इशारा आला की नोडल अधिकारी सगळ्या खात्यांना कळवतो. मग दवाखान्यांत बर्फ आणि ओआरएसचा साठा तपासायचा, पाणपोया वाढवायच्या, एरवी दुपारी बंद असणाऱ्या बागा सावलीसाठी उघड्या ठेवायच्या. ही कामं एरवीही कोणी ना कोणी करतच असतं. पण कोणी करायचं ते आधी ठरलेलं नसेल, तर ऐन लाटेत प्रत्येक खातं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतं.

याच शहरातल्या शारदाबेन रुग्णालयाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे बाळंतिणींचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावर होता. दिवसभर तापलेलं छत रात्रीही उष्णता सोडत राहायचं आणि त्याखाली एक-दोन दिवसांची बाळं. नवजात बाळाला अंगातली उष्णता सांभाळता येत नाही, तहान लागली हेही सांगता येत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात उष्णतेमुळे अतिदक्षता कक्षात आणाव्या लागलेल्या बाळांची संख्या आधीच्या वर्षाच्या तिप्पट झाली. डॉक्टरांनी कारण शोधलं आणि वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला. अशा बाळांचं प्रमाण लक्षणीय घटलं. नवी इमारत लागली नाही की महागडी यंत्रं. उष्णता कुठे साठते आणि तिच्याखाली कोण झोपतं, एवढंच कोणीतरी नीट पाहिलं.

तोच विचार पुढे वस्त्यांपर्यंत गेला. पत्र्याच्या घरांच्या छपरांना पांढरा रंग किंवा चुना मारला की ऊन परावर्तित होतं आणि खालची खोली काही अंशांनी थंड राहते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अंदाज बांधला, की आराखड्यानंतर अहमदाबादेत वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले.

विदर्भाला हे ऊन नवं नाही. नागपूरनेही २०१६ मध्ये आपला आराखडा केला. पण आराखडा कपाटात राहिला तर तो कागदच. छपरं रंगवायची, शाळेची वेळ बदलायची, रोजगार हमीच्या कामावर सावली आणि पाणी ठेवायचं, तर त्याची तजवीज पारा चढण्याआधीच व्हायला हवी.

म्हणून वाचकांना एक विनंती. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जा. शहरात राहत असाल तर प्रभाग कार्यालयात जा. उन्हाळा तेव्हा दूर असतो, पण तयारीची वेळ तीच. तिथे विचारा : रेड अलर्टच्या दिवशी आपल्या गावात कोण काय करणार? उत्तरात माणसाचं नाव आणि कामाची यादी आली, तर तयारी आहे असं समजा. नाही आली, तर ती यादी त्याच सभेत लिहून घ्या.