साथकाळातील रोगनिदान चाचण्यांचे नियोजन : बारामती व इंदापूर
२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत आणि मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या प्रारंभीही पुणे जिल्ह्यातील चाचण्यांची भिस्त प्रामुख्याने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेवर होती. बारामतीपासून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूर त्याहून दूर. घशातील स्राव २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात तिथवर न्यायचा, मग अहवालाची प्रतीक्षा! तोवर हंगामातील ऊसतोड मजूर पुढच्या फडावर गेलेला असतो. जून २०२० मध्ये मान्यता मिळालेली प्रतिजन चाचणी अर्ध्या तासात निष्कर्ष देते. परंतु लक्षणे असूनही ती निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर करावीच लागते. सबब, किट वाटणे म्हणजे नियोजन नव्हे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे इंदापूरच्या खेड्यांतील नमुने कोणत्या वाहनाने, किती वाजता पोहोचावेत आणि साथ नसताना प्रयोगशाळा-तंत्रज्ञांची पदे कशी टिकवावीत, हे साथीपूर्वीच ठरवणे शासनाला शक्य आहे.