इंग्रजी समजून घेताना, लेखांक ९ : ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे?

गेल्या आठवड्यात मोजता येणारी आणि न येणारी नामे आपण वेगळी केली. आज त्या नामांच्या आधी बसणारे तीन छोटे शब्द पाहायचे आहेत : ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’. व्याकरणात यांना उपपदे म्हणतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाचे काळ बरोबर येतात, क्रियापदे बरोबर येतात, पण पुष्कळदा तो उपपदांपाशी अडतो. मराठीत उपपदेच नाहीत, म्हणून ही कल्पना आपल्याला परकी, असे त्याला सांगितले जाते. मराठीत उपपदे नाहीत हे खरे, पण कल्पना परकी आहे हे मात्र मुळीच खरे नाही.

ही दोन वाक्ये मोठ्याने वाचा. ‘अंगणात मांजर आहे.’ ‘मांजर अंगणात आहे.’ शब्द तेच आहेत, फक्त जागा बदलल्या. तरी पहिले वाक्य ऐकताना कुठलेसे मांजर आले आहे, असे आपल्याला कळते. दुसऱ्यात ज्या मांजराची चौकशी चालली होती, ते कुठे आहे याचे उत्तर मिळते. इंग्रजीत पहिले वाक्य होईल ‘देअर इज अ कॅट इन द यार्ड’ आणि दुसरे ‘द कॅट इज इन द यार्ड’. आपण जो फरक शब्दांच्या क्रमाने दाखवला, तोच इंग्रजीने ‘अ’ आणि ‘द’ लावून दाखवला. इंग्रजीत कर्ता कोण आणि कर्म कोणते, हे मुख्यतः क्रमावरूनच कळते, त्यामुळे तिला शब्द मोकळेपणाने हलवता येत नाहीत. मराठीत हे काम बरेचसे प्रत्यय करतात आणि क्रम दुसऱ्या कामाला मोकळा राहतो.

आपल्याकडे दुसरेही साधन आहे. ‘मी डॉक्टर शोधतोय’ म्हणणाऱ्याला कोणीही डॉक्टर चालेल. ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ म्हणणाऱ्याच्या मनात ठरावीक डॉक्टर आहेत. इंग्रजीत पहिला ‘अ डॉक्टर’ आणि दुसरा ‘द डॉक्टर’. हा भेद मराठी मूल शाळेत जाण्याआधीच करू लागते. म्हणून नियमांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा आपल्याच वाक्याकडे नीट पाहणे अधिक उपयोगी आहे, असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा : मी कोणत्या वस्तूबद्दल बोलतो आहे, हे ऐकणाऱ्याला कळेल का? कळणार असेल तर ‘द’. कळणार नसेल आणि वस्तू मोजता येणारी, एकच असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. कळणार नसेल आणि नाम अनेकवचनी किंवा न मोजता येणारे असेल, तर बहुधा काहीच नाही. यात महत्त्व ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे याला आहे. बसस्थानकावर काल भेटलेला मित्र कोण, हे मला पक्के ठाऊक असते. पण तुम्हाला ते ठाऊक नाही, म्हणून मी तुम्हाला ‘आय मेट अ फ्रेंड’ असेच सांगणार.

ऐकणाऱ्याला कळते ते प्रामुख्याने चार वाटांनी. पहिली वाट म्हणजे आधी झालेला उल्लेख. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांबद्दल लिहायचे तर : ‘फाळके मेड अ फिल्म. द फिल्म वॉज रिलीज्ड इन 1913.’ पहिल्यांदा चित्रपट नवा, म्हणून ‘अ’. पुढच्या वाक्यात तोच ओळखीचा, म्हणून ‘द’. मराठीत आपण ‘एक चित्रपट’ आणि मग ‘तो चित्रपट’ असेच म्हणतो.

दुसरी वाट म्हणजे नामाला जोडून आलेली माहिती. ‘कुसुमाग्रज वॉज अ पोएट’ यात ते अनेक कवींपैकी एक आहेत. ‘ही वॉज दी ऑथर ऑफ विशाखा’ म्हटले की 1942 च्या त्या संग्रहाचा कवी एकच, म्हणून ‘द’. मात्र ‘ऑफ’ दिसला की ‘द’ लावा, असा नियम करू नका. ‘अ पोएम ऑफ कुसुमाग्रज’ही बरोबरच आहे, कारण त्यांच्या कविता पुष्कळ.

तिसरी वाट एकमेवपणाची : ‘द सन’, ‘द मून’, आणि जिल्ह्यात बोलताना ‘द कलेक्टर’. चौथी वाट प्रसंगाची. थांब्यावर उभे राहून ‘द बस इज लेट’ म्हटले तर कोणती बस, हे शेजारच्याला सांगावे लागत नाही.

आता उपपद न लागण्याचे उदाहरण लासलगावच्या बाजारातून घेऊ. ‘फार्मर्स सेल अनियन्स ॲट लासलगाव.’ शेतकरी कोणते, कांदे कोणते, हे इथे ठरवायचेच नाही. सर्वसाधारण गोष्ट आहे, म्हणून दोन्ही नामे मोकळी. पण लिलावात ट्रॉलीकडे बोट दाखवून बोलायचे तर ‘दी अनियन्स इन धिस ट्रॉली’. ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘न्यूज’ ही नामे इंग्रजी मोजत नाही, म्हणून त्यांच्याआधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ येत नाही. मराठीत आपण ‘एक बातमी’ सहज म्हणतो, त्यामुळे तिथे विशेष लक्ष ठेवा.

‘अ’ की ‘ॲन’, हे मात्र पूर्णपणे कानाचे काम आहे. स्पेलिंगकडे पाहू नका, पुढच्या शब्दाचा पहिला आवाज ऐका. स्वर ऐकू आला तर ‘ॲन’. म्हणून ‘ॲन एसटी बस’, ‘ॲन एमआयडीसी प्लॉट’, ओझरचा ‘ॲन एचएएल इंजिनियर’. ‘युनिव्हर्सिटी’चा आरंभ ‘य’ने होतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन’चा ‘व’ने, म्हणून ‘अ वन-रुपी कॉइन’. ‘अवर’मधला एच उच्चारातच नाही, म्हणून ‘ॲन अवर’. शाळेत आपण ‘ए’ म्हणायला शिकतो. ओघात बोलताना तो बहुधा हलका ‘अ’ होतो. ‘द’देखील स्वरापूर्वी साधारणपणे ‘दी’ होतो. ‘अ’ आणि ‘ॲन’ या जोडीत ‘ॲन’ हे रूप जुने. ते जुन्या इंग्रजीतल्या एक या संख्येच्या शब्दापासून आले आणि व्यंजनापूर्वी त्यातला ‘न’ गळून ‘अ’ उरला. ‘द’ दर्शक सर्वनामातून आला. म्हणजे इंग्रजी उपपदांचे मूळही आपल्या ‘एक’ आणि ‘तो’ यांसारख्या शब्दांतच आहे.

विशेषनामांचा भाग थोडा वेगळा, तिथे रूढी चालते. गावांच्या नावांना सहसा उपपद नाही : नाशिक, सिन्नर, मालेगाव. नद्यांना ‘द’ : द गोदावरी, द दारणा, द गिरणा. पर्वतरांगांना ‘द’, पण एकट्या शिखराला नाही : ‘द सह्याद्रीज’, मात्र 1567 मीटर उंचीचा साल्हेर नुसता ‘साल्हेर’. ‘कॉलेज रोड’ आणि ‘गंगापूर रोड’ मोकळे, ‘द मुंबई-आग्रा हायवे’ला उपपद. रेल्वेगाड्यांना ‘द’ : ‘द पंचवटी एक्स्प्रेस’. ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ म्हणा, पण ‘ऑफ’ आला की ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’. एवढी नावे वापरता वापरता अंगवळणी पडतात.

या आठवड्याचा सराव. रिकाम्या जागी योग्य उपपद लिहा. नको असेल तिथे फुली मारा.

१. ___ गोदावरी राइजेस निअर ___ त्र्यंबकेश्वर.
२. इट इज ___ लाँगेस्ट रिव्हर इन पेनिन्शुलर इंडिया.
३. ___ फार्मर फ्रॉम निफाड ग्रोज ___ ग्रेप्स.
४. यस्टरडे ___ फार्मर केम टू नाशिक बाय ___ एसटी बस.

चौथ्या वाक्यातला शेतकरी तिसऱ्यातलाच आहे, हे लक्षात घेऊन लिहा. शेवटच्या जागेसाठी एक सूचना : ‘बाय बस’ असे प्रवासाच्या साधनाबद्दल बोलताना उपपद गळते. प्रत्येक उत्तरापुढे कारण मराठीत लिहा. उत्तर अंदाजानेही बरोबर येऊ शकते, कारण मात्र येत नाही. उत्तरे पुढच्या लेखांकात देऊ आणि त्याच लेखात ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ या शब्दयोगी अव्ययांकडे वळू.