रुग्णालयाबाहेरील स्त्री : डॉ. राणी बंग यांच्या संशोधनाची दिशा

वैद्यकाचा विद्यार्थी रोगांची ओळख करून घेतो ती रुग्णालयात. आणि रुग्णालयात येणारा रुग्ण हा, एका अर्थाने, निवडलेला नमुनाच असतो. ज्याला वेदना असह्य झाली, ज्याच्यापाशी गाडीभाडे होते व ज्याला घरच्यांनी येऊ दिले, तोच तेथवर पोचतो. स्त्रीरोगांच्या बाबतीत ह्या निवडीत आणखी एक अडसर पडतो, तो लज्जेचा. रुग्णालयातील नोंदींवरून समाजातील स्त्रियांच्या आरोग्याविषयी अनुमान काढणे कितपत ग्राह्य आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ संख्याशास्त्राचा राहत नाही. डॉ. राणी बंग यांच्या संशोधनाचे बहुतेक सारे धागे ह्याच प्रश्नातून निघालेले आहेत.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकीचे व पुढे स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९८४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी संपादन केल्यावर त्या पती डॉ. अभय बंग यांच्यासह गडचिरोलीस आल्या. चंद्रपूरपासून विभक्त होऊन १९८२ साली अस्तित्वात आलेला हा जिल्हा अरण्यमय व आदिवासीबहुल. तेथे दोघांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली.

पहिला महत्त्वाचा अभ्यास ‘लॅन्सेट’च्या जानेवारी १९८९ च्या अंकात प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली होती. त्यांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी काही ना काही तक्रार सांगितली; उरलेल्या ४५ टक्क्यांना लक्षणच नव्हते. प्रत्यक्ष तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग आढळले. दर स्त्रीमागे रोगांची सरासरी ३.६ पडली आणि एकूण रुग्णतेपैकी निम्मी जननमार्गाच्या जंतुदोषामुळे होती. पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार लाभलेल्या स्त्रियांचे प्रमाण अवघे ८ टक्के होते. ‘दुखणे अंगावर काढणे’ हा आपला नित्याचा वाक्प्रचार. त्याला येथे प्रथमच मोजमाप मिळाले.

अभ्यासकाने एक मर्यादा मात्र ध्यानी ठेवावी. दोन खेड्यांतील सर्वच पात्र स्त्रिया तपासणीस आल्या नव्हत्या. शिवाय दोन गावांवरून देशाचे प्रमाण ठरत नाही. तथापि हा आकडा बराच कमी धरला, तरी मूळ निष्कर्ष ढळत नाही. त्या काळी ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार गर्भारपण व कुटुंबनियोजन ह्या दोनच प्रसंगी होत असे. १९९४ च्या कैरो परिषदेत प्रजनन-आरोग्याची व्यापक कल्पना स्वीकारली गेली. ती एका निबंधाने घडविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु तिच्यासाठी लागणारा पुरावा ज्या थोड्या लेखनाने पुरविला, त्यांत ह्या निबंधाची गणना करावी लागते.

पुढे हीच दृष्टी प्रसूतीकडे वळली. बहुसंख्य बाळंतपणे तेव्हा घरी, सुईणीच्या हातून होत. ३९ गावांत गावातीलच प्रशिक्षित स्त्री आरोग्यसेविका प्रसूतीच्या वेळी हजर राहून व नंतर घरभेटी देऊन निरीक्षणे नोंदवीत. ७७२ स्त्रियांचा हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५२.६ टक्के स्त्रियांना काही ना काही विकार झालेला आढळला. प्रसूतीच्या वेळचे प्रमाण १७.७ टक्के होते, तर सूतिकावस्थेतील ४२.९ टक्के. तातडीच्या प्रसूतिसेवेची गरज पडावी अशा स्त्रिया सुमारे १५ टक्के निघाल्या. हे प्रमाण इतरत्र मानल्या जाणाऱ्या अंदाजाशी जुळते. अनपेक्षित होता तो सूतिकावस्थेचा आकडा. बाळ जन्मले, नाळ पडली, म्हणजे संकट सरले असे घरचे मानीत, आणि पाठ्यपुस्तकेही त्या काळासाठी फारशी पाने खर्च करीत नसत.

ह्याच गावांतील नवजात अर्भकांच्या गृहाधारित शुश्रूषेचा प्रयोग अधिक विश्रुत आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्यूंत ६२ टक्के घट झाली. रक्तातील जंतुदोषाने आजारी पडलेल्या अर्भकांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आले, आणि तेही गावातल्या सेविकेने दिलेल्या औषधोपचाराने. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत ही पद्धती देशभर राबविण्यास आरंभ झाला.

आज परिस्थिती पालटली आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होतात. त्यामुळे १७.७ टक्क्यांच्या हिश्शाला रुग्णालयाचा आधार मिळाला. पण बाळंतीण दोन-चार दिवसांत घरी परतते, आणि ४२.९ टक्क्यांचा हिस्सा बव्हंशी त्यानंतरच्या दिवसांतला आहे. घरभेटीस येणारी कार्यकर्ती प्रामुख्याने बाळाचे वजन घेते, ताप पाहते. आईची विचारपूस होते, तपासणी क्वचित. ह्या दिवसांतील रुग्णतेची, गडचिरोलीप्रमाणे घरोघर जाऊन केलेली नवी मोजणी विदर्भातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधाचा विषय म्हणून घेता येईल.